दोन निमंत्रणें, एक जागा

अमेरिकेंत उच्च शिक्षणासाठीं जाऊं इच्छिणाऱ्या तरुणाच्या हातीं कधीं कधीं दोन विद्यापीठांचीं निमंत्रणें एकदमच येतात. एकाचें नांव मोठें. दुसरें लहान, पण तेथें मनाजोगा विषय शिकविणारा गुरु व चरितार्थापुरती वृत्ति. पीएच.डी.चा अभ्यास बहुधा ५-६ वर्षें चालतो. तितका काळ कोणाच्या हाताखालीं काढावयाचा व कर्ज किती होईल, हें नांवलौकिकाच्या आधीं पाहणें शहाणपणाचें.

परंतु येथें नीतीचाहि एक प्रश्न आहे. ‘कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स’ या मंडळाचा ठराव तेथील पुष्कळ विद्यापीठांनीं मान्य केला आहे. तो असा कीं, आर्थिक साहाय्यासह आलेल्या निमंत्रणास १५ एप्रिलपूर्वीं उत्तर देण्याचें बंधन विद्यार्थ्यावर नाहीं. मग ज्याचा निश्चय मार्चांतच झाला, त्यानें दुसरी जागा उगीच अडवून ठेवावी काय? कोणी म्हणेल, नियम तर मोडला नाहीं, दोष कसला? दोष हा कीं, ती मुदत विचार करणाऱ्यासाठीं आहे, निश्चय झालेल्यासाठीं नव्हे. त्या जागेकडे प्रतीक्षायादींतील कोणी डोळे लावून बसलेला असतो, आणि त्याचे दिवस आपण फुकट दवडीत असतों.

म्हणून, वाचकहो, निश्चय होईपर्यंत मुदत अवश्य घ्यावी. तो होतांच नम्र व स्पष्ट नकार त्याच दिवशीं लिहावा. आणि एकदां दिलेला होकार मोठ्या नांवाच्या मोहानें फिरवूं नये. जेथें नियम गप्प बसतो, तेथेंच माणसाच्या सचोटीची परीक्षा होते.