माऊलीचं वय

आषाढात ज्ञानेश्वरांची पालखी माळशिरसहून निघते, खुडूसचं रिंगण आटोपून वेळापूरकडे येते. त्याच्या अलीकडे धावाबावीच्या माळावरून वारकरी उतारानं पळत सुटतात. तुकोबांना इथूनच पंढरीचा कळस दिसला आणि ते धावले, अशी श्रद्धा आहे. कमरेत वाकलेली माणसंही धावतात. ज्याला ती ‘माऊली’ म्हणून हाक मारतात, तो समाधी घेताना एकवीस वर्षांचा होता. आजच्या कायद्यानं मुलाला लग्न करता येतं, ते वय.

ज्ञानेश्वर आणि त्यांच्या भावंडांचं गावानं काय केलं, ते कीर्तनात दरवर्षी ऐकतो. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलं, आई-बापाला देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, तेवढ्यानंही भागेना म्हणून पोरांना शुद्धिपत्र आणायला पैठणला धाडलं. आपल्या लक्षात राहतो रेडा. मला त्या कथेतला कागद जास्त ओळखीचा वाटतो. पोर शहाणं आहे हे डोळ्यांना दिसत असतं, तरी थोरांना त्यावर कुणाची तरी सही लागते.

वेळापूरहून अकलूज फार लांब नाही. ‘सैराट’मधली आर्ची, रिंकू राजगुरू, तिथली, दिग्दर्शक नागराज मंजुळे याच जिल्ह्यातल्या जेऊरचे. २०१६ च्या एप्रिलमध्ये आलेला हा चित्रपट तोवरच्या मराठी चित्रपटांत सर्वाधिक कमाईचा ठरला. त्यातलं गाव कल्पित आहे, असं म्हणायचं. थोरांनी पोरांच्या जिवावर उठण्याची आणखी एक गोष्ट आठवते: जपानी लेखक कौशुन ताकामी यांच्या ‘बॅटल रोयाल’ (१९९९) या कादंबरीत सरकार शाळेचा एक वर्ग बेटावर सोडतं आणि पोरांना एकमेकांना मारायला लावतं. तिथे लेखकाला बेट लागलं, शस्त्रं लागली, अख्खी राजवट रचावी लागली. आपल्याकडे, ‘सैराट’मध्ये, लेकीनं आईला केलेला एक फोन पुरतो. मग भाऊ आणि भावकी माहेरची भेट घेऊन दारात येतात, ती चहा टाकते. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

मात्र ‘समाज तरुणांवर विश्वास ठेवत नाही’ हे सरसकट विधान मला पटत नाही. आर्चीचा भाऊ प्रिन्सही तरुणच. वर्गात शिकवणाऱ्या मास्तरांच्या कानाखाली वाजवतो, तरी घरच्यांचा त्याच्यावर पुरता भरवसा, कारण तो बापाचीच गादी चालवणार. भरवसा उडतो तो स्वतः निवड करणाऱ्या पोरांवरचा. आर्ची ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते, तोवर घराला कौतुक. माणूस निवडते तेव्हा ती नासलेली ठरते. यात एकटे आर्चीच्या घरचे पाटीलच दोषी नाहीत. तिनं निवडलेल्या परशाच्या बापाला त्याच्याच जातीचे पंच उभं करतात, आणि तो सगळ्यांदेखत स्वतःच्या तोंडात मारून घेतो. मला शेवटाइतकाच हा प्रसंग छळतो. चित्रपट आला त्याच महिन्यात राज्याच्या विधिमंडळानं सामाजिक बहिष्काराविरुद्धचं विधेयक मंजूर केलं होतं. शहरी पांढरपेशांनी यावर नाक मुरडू नये. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ या कादंबरीत खून नाही, पण नववीतल्या पोरांच्या नजरेवरही पहारा आहे, आणि बाहेर आणीबाणी.

गंमत पुढे आहे. ‘सैराट’चा शेवट बिनआवाजाचा आहे, म्हणून बहुधा तो वरातीत वाजत नाही. वाजतं ते त्यातलंच ‘झिंगाट’ गाणं. जात, पोटजात, कुळी तपासून ठरवलेल्या लग्नात, मुलीला एकदाही न विचारता ठरवलेल्या लग्नातसुद्धा, मामा-काका त्यावर घाम निघेस्तोवर नाचतात. ही गोष्ट आपल्याबद्दल आहे हे त्यांना कळत नाही, असं मी मानत नाही. पडद्यावर मेलेली पोरं लाडकी असतात. सातशे वर्षांपूर्वी समाधिस्थ झालेला पोरगा तर आईच होतो. अडचण असते ती जिवंत असून, मनानं लग्न करून, पुण्याला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांची.

आपल्या भावकीत असं एक तरी नाव असतं. ‘ती आम्हाला मेली’ म्हणून टाकलेलं, पत्रिकेतून गाळलेलं. भाऊबीजेच्या आधी त्या नंबरावर एक फोन करा, आणि पत्ता विचारू नका.