दैव आणि देव

३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरच्या मोहिमेत सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमविले. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांचा त्या विजयात मोठा वाटा होता. त्यानंतर वर्षही पुरे झाले नाही तोच, १४ जानेवारी १७६१ रोजी, तेच भाऊ आणि तोच गारदी पानिपतच्या रणांगणावर उभे होते. तेथे काय झाले ते आपण सारे जाणतो. या दोन तारखांमधील अंतर मराठी माणसाने दोन शब्दांत मिटवून टाकले आहे : नशीब फिरले.

इतिहासाचे अभ्यासक इतक्यावर थांबत नाहीत. रसद तुटलेली होती, सैन्याबरोबर बायकामुले आणि यात्रेकरू यांचा मोठा भार होता, उत्तरेत मित्र जोडता आले नव्हते, माणसे आणि जनावरे उपाशी होती. ही कारणे ऐकली की पुढच्या वेळी काय करावे याचा विचार सुरू होतो. ‘नशीब फिरले’ म्हटले की तो विचार तिथेच संपतो. त्या लढाईत विश्वासराव पडले. तेव्हापासून उधारी मागणाऱ्याला ‘विश्वास पानिपतावर गेला’ असे थट्टेने ऐकवले जाते. मोंढ्यातल्या दुकानात ही थट्टा चालून जाते. परंतु आपल्या ख्रिस्ती घरांतला विश्वासही कोणत्या पानिपतावर जातो, हे एकदा पाहावयास हवे. माझ्या मते तो मोठ्या संकटापेक्षा रोजच्या बोलण्यात अधिक हरवतो.

‘नशीब’ हा अरबीतून आलेला शब्द. त्याचा मूळ अर्थ वाटा, हिस्सा. आपल्या ‘भाग्य’ शब्दातही ‘भाग’ आहेच. दोन वेगळ्या भाषांनी एकच गोष्ट सांगावी हे लक्षणीय आहे, कारण वाटा म्हटला की वाटणारा आला. ‘दैव’ या शब्दाच्या पोटात तर देव उघडपणे बसलेला आहे. म्हणजे आपली भाषा आपल्यापेक्षा अधिक श्रद्धाळू आहे! आपणच वाटणाऱ्याला बाजूस सारून वाट्याकडे टक लावून बसतो. माझा वाटा केवढा, शेजाऱ्याचा केवढा, त्याला जास्त का, हे सुरू होते. यहोशवाने वचनदत्त देशाची वाटणी चिठ्ठ्या टाकून केली, तेव्हा लेवीच्या वंशाला जमिनीचा तुकडा मिळाला नाही. परमेश्वर हाच त्यांचा वाटा, असे शास्त्र सांगते. शेतकरी समाजात वाढलेल्या माणसाला हे पचणे किती कठीण आहे, ते सातबाऱ्यासाठी भाऊ भावाच्या विरुद्ध कोर्टात उभा राहतो त्या आपल्या मुलखात वेगळे सांगायला नको.

आता याच मुलखातील त्या पहाटेकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशी आदल्या दिवशी झाली होती. विसर्जन आटोपून उशिरा निजलेली गावे पहाटे चारच्या सुमारास हादरली आणि उदगीर ज्या जिल्ह्यात आहे त्या लातूर जिल्ह्यातील किल्लारी व शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर ही नावे साऱ्या जगाला ठाऊक झाली. जवळजवळ १० हजार माणसे मृत्यू पावली. त्यानंतर मराठवाड्यात दोन वाक्ये घरोघर ऐकू येऊ लागली. एक, ‘नशिबाने वाचलो.’ दुसरे, ‘देवाने वाचवले.’

आपल्याला दुसरे वाक्य अधिक धार्मिक वाटते. मात्र ते एकदा शेजारच्या ढिगाऱ्यापाशी उभे राहून म्हणून पाहावे. ज्या आईची तीन मुले त्या ढिगाऱ्याखाली गेली, तिच्या कानी ते कसे पडेल? देवाने तुम्हाला वाचवले, मग माझ्या लेकरांना त्याने काय केले? ‘नशिबाने वाचलो’ या वाक्याला निदान काळीज नसल्यामुळे ते तिला इतके बोचणार नाही. नशीब आंधळे आहे हे ठरलेलेच आहे. देव मात्र आंधळा नाही, असे आपणच शिकवतो.

प्रभू येशूपुढे हाच प्रश्न आला होता. शिलोह येथील बुरूज कोसळून १८ माणसे ठार झाली होती. ती यरुशलेमेतील इतर रहिवाशांपेक्षा अधिक पापी होती काय, असे प्रभूने स्वतःच विचारले आणि स्वतःच ‘नाही’ असे निक्षून सांगितले. लूकच्या शुभवर्तमानाचा हा १३ वा अध्याय घराघरांत वाचला जावा असे मला वाटते. मेलेल्यांच्या पापाचा हिशेब प्रभूने मांडला नाही, तसा वाचलेल्यांच्या पुण्याचाही मांडला नाही. तो ऐकणाऱ्यांकडे वळला आणि तुम्ही पश्चात्ताप करा, असे म्हणाला. कोसळलेल्या बुरुजाकडून जिवंत माणसाच्या आजच्या दिवसाकडे त्याने सर्वांची नजर फिरवली.

‘देवाने वाचवले’ हे शब्द मग उच्चारूच नयेत काय? अवश्य उच्चारावेत, पण देवापाशी. गुडघे टेकून म्हटले तर ते आभार आहेत. तेच शब्द शेजाऱ्याला कारण म्हणून सांगितले की त्यांतून क्रौर्य डोकावते. आभार आणि स्पष्टीकरण यांतला हा फरक आपल्या बोलण्यात फारसा पाळला जात नाही.

संत थॉमस अक्विनास यांनी एक साधे उदाहरण दिले आहे. धनी आपल्या दोन नोकरांना एकाच ठिकाणी धाडतो, पण एकाला दुसऱ्याविषयी काही सांगत नाही. तेथे भेट झाल्यावर दोघेही योगायोगाचे नवल करतात. धन्याच्या दृष्टीने तो योगायोग नसतो. नशीब म्हणजे काय, याचे इतके नेमके उत्तर क्वचितच मिळेल : नशीब हे आपल्या न दिसण्याचे नाव आहे. या उदाहरणाची दुसरी बाजू आपण विसरतो. धन्याच्या मनात काय होते, ते त्या नोकरांनाही ठाऊक नव्हते. देवाची योजना आहे असे मानणे म्हणजे श्रद्धा. ती मला कळली आहे असे सांगत फिरणे म्हणजे आगाऊपणा.

किल्लारीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. माणसांचा जीव घेतला तो मुख्यत्वे घरांनी. ओबडधोबड दगड मातीत रचून उभारलेल्या जाड भिंती आणि वर मातीचे जड धाबे. भिंत ढासळली की सारे अंगावर. ज्या घरांचे छत लाकडी खांब-तुळयांनी नीट तोलून धरले होते, तेथे पुष्कळदा भिंती पडूनही छत उभे राहिले. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, किल्लारीने धक्के अनुभवले होते. तरीही हा भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जात होता. पुढे तो वरच्या पट्ट्यात घेतला गेला. ज्याने मुलांना निजवण्यापूर्वी प्रार्थना केली त्याने भिंतीलाही हात लावून पाहावा, यात अश्रद्धा नाही. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, हा सल्ला कोणी दिला होता ते आपणांस माहीत आहे.

हा भूकंप तीस वर्षांहून जुना झाला. परंतु घरात रोज होणारे लहान भूकंप असतात. त्यांतला सर्वांत अन्यायाचा म्हणजे पायगुण. नवी सून उंबरठा ओलांडते आणि महिन्याभरात सासऱ्याला अर्धांगवायू होतो, म्हैस मरते किंवा सोयाबीन ऐन भरात असताना पावसाचा खंड पडतो. कोणीतरी हळूच म्हणते, ‘पांढऱ्या पायाची.’ बाप्तिस्मा झालेल्या, भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर असलेल्या घरांतही हे म्हटले जाते. आपल्याकडे असे नसते असे म्हणणाऱ्याने घरातील स्त्रियांना एकांतात विचारावे. उलट बाजूने नोकरी लागली तर ‘लक्ष्मीच्या पावलाने आली’ असे कौतुक होते. ते गोड वाटते, पण नाणे तेच. आज छाप पडली म्हणून कौतुक. उद्या काटा पडला की त्याच मुलीने त्याची किंमत चुकवायची. नशिबाला मानणाऱ्या घराला नेहमी कोणीतरी अपशकुनी लागतो, कारण नशिबाला जाब विचारता येत नाही. जाब मग घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाला विचारला जातो. २०११ साली सातारा जिल्ह्यात ‘नकोशी’, ‘नकुसा’ अशी नावे वागविणाऱ्या २८० हून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. आणखी एक मुलगी झाली हे आईबापांचे दुर्दैव, आणि त्या दुर्दैवाचे नाव हाका मारमारून आयुष्यभर त्या मुलीनेच वाहायचे! बाप्तिस्म्याच्या वेळी प्रत्येक बालकाला नावाने हाक मारणारी ख्रिस्तसभा अशा नावांपुढे गप्प राहू शकत नाही. पायगुणापुढेही तिने गप्प राहू नये.

आपल्या श्रद्धेच्या आचारातही नशीब चोरपावलांनी शिरते. नऊ प्रती काढून वाटा म्हणजे नऊ दिवसांत चांगली बातमी येईल, साखळी तोडाल तर अनर्थ होईल, अशी संतांच्या नावाची पत्रे पूर्वी टपालाने येत. आता ती मोबाईलवर येतात. प्रती काढण्याचे श्रम तेवढे वाचले. नोव्हेना ही प्रार्थना आहे, आकडा नव्हे. गळ्यातले पदक आपण कोणाचे आहोत याची आठवण देते. ते ताईत झाले की त्यावरचा संत निघून गेला असे समजावे. शुभवर्तमानाचे पान सहज उघडून त्यातून ऐहिक कामांचा कौल घेण्याची चाल संत ऑगस्टीन यांना आवडत नसे. उतारवयात त्यांनी आपलीच जुनी पुस्तके तपासली, तेव्हा तारुण्यातील लेखनात ‘फॉर्च्युना’ हा शब्द आपण इतक्यांदा वापरला याची त्यांनी खंत नोंदविली. एका शब्दाबद्दल एवढा थोर धर्मपंडित इतका हळवा झाला.

जुगाराविषयी मात्र आपण कधी कधी नको तेथे कठोर आणि नको तेथे ढिले असतो. धर्मग्रामाच्या सणाला काढलेल्या सोडतीने कोणाचा आत्मा बुडत नाही. यहूदाच्या जागी मत्तियाची निवड प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकूनच केली होती. आधी प्रार्थना केली आणि दोन लायक माणसे निवडली, मग चिठ्ठी टाकली, हा क्रम लक्षात ठेवावा. आपल्या भगिनींची भिशीही चिठ्ठीवर चालते. तिच्यात चिठ्ठी फक्त पाळी ठरवते. रक्कम प्रत्येकीला मिळतेच, कोणी बुडावी म्हणून दुसरी जिंकत नाही. मटक्याचे तसे नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडताना आणि बंद होताना निघणाऱ्या भावांवर मुंबईत लागणाऱ्या पैजांतून तो जन्मला, मडक्यातल्या चिठ्ठ्यांवर वाढला आणि ‘ओपन-क्लोज’ हे शब्द खेड्यापाड्यांत रुजवून गेला. कापूस पिकवणाऱ्या मराठवाड्याच्या शेतमजुराने कापसाच्याच भावातून निघालेल्या खेळात मजुरी घालवावी, ही केवढी विटंबना! पुढे तेच मडके मोबाईलमध्ये आले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तोवर किती पगार त्यात गेले असतील! १९९२ साली प्रसिद्ध झालेली कॅथलिक धर्मशिक्षणाची पोथी जुगाराच्या खेळाला मुळातच पाप म्हणत नाही. स्वतःच्या किंवा इतरांच्या गरजेचे त्यात जाऊ लागले, की तो नैतिक दृष्ट्या अमान्य ठरतो, असे ती सांगते. हा निकष प्रपंचाच्या दृष्टीने अतिशय उपयोगी आहे : मुलांच्या ताटातले गेले काय?

शेतीलाच लोक जुगार म्हणतात. उदगीर-नांदेडकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला दुबार पेरणी करावी लागते तेव्हा तो तसे म्हणाला, तर त्याला प्रवचन देऊ नये. बी, खत, मजुरी, सारे उसने आणलेले असते. तरी एक भेद आहे. जुगारी आकडा लावून बाजूला बसतो. शेतकरी पेरल्यावर रोज शेतात जातो, खुरपतो, बांध घालतो, आभाळाकडे पाहतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये तहानलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. लातूरच्या नशिबी ते आले असे कोणी म्हणाले असेल, देवाने धाडले असे दुसरा कोणी म्हणाला असेल. मिरजेला पाइप जोडणारे आणि रात्री गाडी हाकणारे हात मात्र माणसांचे होते, आणि देव बहुधा असेच हात वापरतो.

हे सारे मुलांना कसे शिकवावे? सायंप्रार्थनेला बसलेले घर डोळ्यांपुढे आणा. जपमाळ संपली आहे. ३० सप्टेंबर आहे, दिवसभर भूकंपाच्या आठवणी निघाल्या आहेत. धाकटी विचारते, देवाने आजोबांना वाचवले, मग समोरच्या घरातल्या लोकांना का नाही वाचवले? आजोबा थोडा वेळ गप्प राहतात. ‘मला ठाऊक नाही बाळ,’ ते सांगतात. मग पुन्हा क्रूसाची खूण करतात आणि समोरच्या घरातील माणसांची नावे, लहानांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, एकेक करून घेऊ लागतात.