रसना आणि घरची भाकरी

गेल्या ज्येष्ठात श्रीसंत मुक्ताबाईंची पालखी जालन्यावरून पुढे बीडच्या वाटेला लागली, त्यानंतरच्या एकादशीची ही गोष्ट. गुडघ्यांनी साथ सोडल्यामुळे आता आमच्याने पायी वारी होत नाही. पालखीचे दर्शन घ्यावे, पाण्याचा तांब्या पुढे करावा आणि दिंडी दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यावर उभे राहावे, एवढीच वारी आता उरली आहे.

आमचे बिऱ्हाड जालन्याच्या एमआयडीसीला लागून आहे. जवळच पत्र्याच्या छपराचे एक लहानसे विठ्ठलमंदिर आहे. दर एकादशीला तेथे हरिपाठ होतो आणि नंतर थोडे निरूपण. निरूपण आम्हीच करतो. आम्ही कोणी महाराज नव्हे. सारा जन्म एका कारखान्यात हजेरी लिहिण्यात गेला. पण गळ्यात माळ आहे, चार ओव्या पाठ आहेत, तेवढ्यावर मंडळींनी आम्हांला पुढे बसवले. ऐकायला येतात ते बहुतेक पाळीवरून सुटलेले कामगार. वाचकांपैकी ज्यांनी हे जालना पाहिले नसेल त्यांना सांगतो, येथे भंगार लोखंड दीड हजार अंशांहून अधिक तापवून वितळवतात, त्याचे ठोकळे करतात आणि ते लालभडक असतानाच लाटून त्यांच्या सळया काढतात. घरे, पूल यांच्या पोटात ज्या सळया असतात त्यांतल्या कितीतरी येथल्या. त्या धगीसमोर बारा-बारा तास उभा राहिलेला माणूस हरिपाठाला बसला म्हणजे त्याच्या अंगातून ऊन निघाल्यासारखे वाटते.

त्या दिवशी विषय रसनेचा होता. जिभेने मोठमोठ्यांना कसे नाचवले, साधकाने प्रथम जीभ कशी जिंकावी, हे आम्ही नेहमीप्रमाणे रंगवून सांगितले. आरती झाली, बुक्का लावून झाला, आणि एक पोरगा मागे रेंगाळला. वय वीस-बावीस.

‘‘बुवा, एक विचारू का? राग येऊ देऊ नका,’’ तो म्हणाला. ‘‘मी हिंगोलीकडचा. हितं खोलीवर चौघं राहतो, खानावळीत जेवतो. पोट भरतं. पण रात्री मायच्या हातची वरणफळं आठवली की समोरचा घास उतरत नाही. मग ही बी रसनाच का? ह्याचं पाप लागतं का?’’

आम्ही त्याला काय सांगितले? सांगितले की, ‘‘लेकरा, आठवण ही आसक्तीचीच धाकटी बहीण. समोर येईल ते पांडुरंगाचा प्रसाद म्हणून खावे, आवडनिवड ठेवू नये.’’ पोराने मान खाली घातली, पाया पडला आणि गेला. भोवतालच्या मंडळींनी माना डोलावल्या. आम्हांलाही आपले उत्तर बरे वाटले. घरी येऊन शांत झोप लागली, हेही लिहून ठेवले पाहिजे.

वरणफळं म्हणजे काही पक्वान्न नव्हे. तुरीचे पातळसर वरण, त्याला लसणाची फोडणी, त्यात कणकेच्या लाटून कापलेल्या वड्या सोडायच्या आणि शिजवायच्या. भाजी नसली, वेळ नसला, कोणाला बरे नसले की घरोघर हाच बेत. वर तुपाची धार पडली तर सोन्याहून पिवळे. श्रीमंताच्या पंगतीत कोणी हा पदार्थ वाढत नाही, आणि खानावळवालाही करीत नाही, कारण तो गरम गरमच खावा लागतो, जेवणारा पानावर बसला की मगच वाढावा लागतो. म्हणजे त्यासाठी कोणीतरी तुमची वाट पाहत असावे लागते. हे आम्हांला त्या रात्री सुचले नाही.

पुढच्याच आठवड्यात आमच्या घरातली मंडळी तापाने आडवी झाली. घरात आम्ही दोघेच. मुलगा पुण्याला. चाळीस वर्षांत प्रथमच आम्ही स्वयंपाकघरात काही करायचे म्हणून शिरलो. पीठ कोठल्या डब्यात आहे हे तिला अंथरुणातून सांगावे लागले. पाणी उकळते घ्यायचे ते कोमट घेतले, मग भाकरी थापताना कडेने चिरली, तव्यावर टाकताना मधोमध दुभंगली. शेजारच्या वहिनींनी हसू आवरून दोन भाकरी आणून दिल्या.

पण सांगायचे ते वेगळेच. भाकरीची टोपली शोधताना फडताळाच्या मागल्या बाजूला आणखी एक लहान दुरडी सापडली, फडक्याने झाकलेली. तिच्यात कालपरवाच्या भाकरीचे वाळलेले तुकडे. आम्ही विचारले, ‘‘हे गाईसाठी का?’’ ती म्हणाली, ‘‘नाही. सकाळी ताकात कुस्करून खाते मी. तुम्हाला ताजी लागते ना.’’

दोघांच्या घरात भाकरी उरते कशी? तर ती रोज एक जास्त करते. कोणी आले-गेले तर उपाशी जाऊ नये म्हणून. आला तर त्याची, न आला तर दुसऱ्या दिवशी तिची. आमच्या पहिल्या पाळीसाठी ती पहाटे चारला उठून डबा करी. तीस वर्षे तो डबा आम्ही नेला. कारखान्यात दुपारी डबे उघडले की मोठा काला होई. कोणाचे पिठले, कोणाचा ठेचा, बिहारकडच्या कामगारांचे सातू, सारे एकमेकांच्या पुढे सरके. गोपाळपूरच्या काल्याहून आम्हांला तो कमी वाटत नसे आणि आम्ही तसे निरूपणात सांगतही असू. पण डबा भरणारीने त्या दिवशी काय खाल्ले हे तीस वर्षांत एकदाही विचारले नाही. उलट एकदा आमटीत मीठ कमी म्हणून ताट बाजूला सारले होते, आणि त्याच संध्याकाळी मंदिरात ‘जिव्हाजय’ या विषयावर बोललो होतो. तिने त्या वेळी काही म्हटले नाही. ती निरूपणाला आली होती, इतके मात्र आठवते.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू गेलो तर आणखी पेच पडला. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि शिळे, रस गेलेले अन्न तामस लोकांना आवडते असे तेथे म्हटले आहे. मग ताजे रसाळ अन्न खाणारे आम्ही सात्त्विक, आणि आमच्यासाठी शिळे खाणारी ती तामस? असा अर्थ घेऊ जाता आम्हांलाच लाज वाटली. ते वचन आवडीविषयी आहे, आणि तिला शिळे आवडते असे तिने कधी म्हटलेले नाही. तिसऱ्या अध्यायात दुसरे वचन आहे. यज्ञ करून उरलेले जे खातात ते दोषांतून सुटतात, आणि जे केवळ स्वतःसाठी शिजवतात ते पापच खातात. या न्यायाने दुरडीतले तुकडे हा यज्ञशेष ठरतो. हा अर्थ सापडला तेव्हा आम्हांला क्षणभर मोठा आनंद झाला. तिला जाऊन सांगावे असेही वाटले.

पण उंबऱ्यावरच पाय थांबला. तिच्या तुकड्यांना यज्ञशेष म्हणायला आमचे काय गेले? नाव मोठे दिले की काम संपते, दुरडी तेथेच राहते. बायकांच्या कष्टांना आपण पुरुषमंडळींनी अशी पुष्कळ पवित्र नावे दिली आहेत, आणि ती देऊन झाल्यावर पुन्हा पाटावर जाऊन बसलो आहोत.

कीर्तनांतही हेच चालते. नाथमहाराजांनी श्राद्धाचा स्वयंपाक भुकेलेल्या अस्पृश्यांना वाढला ही कथा आपण किती वेळा ऐकली! पैठण तर आम्हांला घरच्यासारखे. पण ते अन्न वाढून झाल्यावर चूल सारवून सगळा स्वयंपाक पुन्हा करावा लागला, तो गिरिजाबाईंनी केला, हे सांगायला कीर्तनकार किती वेळ देतात? तुकोबारायांच्या जिजाबाई भाकरी घेऊन भंडाऱ्याचा डोंगर चढत. त्यांना कजाग म्हणून रंगवले की सभा हसते. त्यांच्या स्वतःच्या पोटात काय होते ते कोणी विचारीत नाही.

आणि मुक्ताई! तिची पालखी आमच्या दारावरून जाते, तरी तिच्या मांड्यांची कथा आम्हांला या वयात उमगावी ना! ज्ञानोबांनी योगाग्नीने पाठ तापवली आणि त्यावर मांडे भाजले गेले, हा चमत्कार आपण रंगवून सांगतो. पण मुळात मांडे खाण्याची इच्छा झाली कोणाला? आईबापांवाचून राहिलेल्या चार भावंडांना. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलेले, गावाने वाळीत टाकलेले, कुंभाराकडून खापर मिळू दिले नाही. अशा लेकरांना घरी केलेले गोडधोड खावेसे वाटले. त्यांना कोणी म्हणाले नाही की ही आसक्ती. साक्षात ज्ञानियांचा राजा बहिणीपुढे पाठ करून बसला. त्या हिंगोलीच्या पोराला आम्ही ही कथा सांगायची होती, ती सोडून भलतेच सांगितले.

आमच्या लहानपणचेही येथे आठवते. 1972 च्या दुष्काळात आम्ही बारा वर्षांचे होतो. माय दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई. तेथे सुकडी मिळे, रेशनवर मिलो नावाची लाल परदेशी ज्वारी मिळे. तिची भाकरी माय आमच्या पुढ्यात टाकी आणि आम्ही ‘तू?’ म्हटले की म्हणे, ‘‘माझं झालंय.’’ तेव्हा आम्ही लहान होतो, विश्वास ठेवला. पण लग्नानंतर तेच शब्द दुसऱ्या तोंडून चाळीस वर्षे ऐकले, तेव्हा तर लहान नव्हतो. विश्वास ठेवणे सोयीचे होते म्हणून ठेवला.

तेव्हा रसना जिंकणे म्हणजे काय, हा प्रश्न आम्हांला आता निराळा दिसतो. चव आवडणे यात दोष असेल तर तो फार थोडा. दोष आहे तो चवीपलीकडे न पाहण्यात. जो पोरगा मायची वरणफळं आठवून घास खाली ठेवतो त्याची जीभ निदान मायपर्यंत तरी पोहोचली आहे. आमची ताटाच्या कडेलाच थांबली होती आणि आम्ही तिला जिंकलेली समजत होतो. अन्नाला ब्रह्म म्हणणाऱ्या आपल्या परंपरेत हे जिभेचे आंधळेपण कोठे बसवावे, जाणत्यांनी सांगावे.

पुढच्या एकादशीला तो पोरगा आला. आम्ही सगळ्यांदेखत त्याला म्हणालो, ‘‘बाबा, मागे आम्ही चुकीचे सांगितले. पाप नाही.’’ मंडळी जरा चुळबुळली. बुवाने चूक कबूल करायची रीत नाही. मग त्याला बाजूला घेऊन म्हणालो, ‘‘मायला फोन करतोस ना? काय केलंस ते विचारतोस. एकदा काय खाल्लंस ते विचार.’’ तो म्हणाला, ‘‘विचारतो की बुवा. म्हणते, झालं माझं.’’ आम्ही म्हणालो, ‘‘मग दुसऱ्यांदा विचार.’’ तो थोडा वेळ बुक्क्याच्या वाटीकडे पाहत राहिला. पुढे काही बोलला नाही. पाळीची वेळ झाली होती.

घरातली मंडळी आता हिंडूफिरू लागली आहे. भाकरी आम्हांला अजून गोल येत नाही, पण दुभंगत नाही. पहिल्या दिवशी ती तव्यावरून काढून तिच्या पानात वाढली आणि म्हटले, तू आधी बस. ती बसली, पण तिला जेववेना. मध्येच लोणचे काढायला उठली, मग पाणी घ्यायला उठली, मग आम्ही चटका लावून घेऊ म्हणून उठली. इतक्या वर्षांची सवय, आम्हीच लावलेली.

रोजची एक भाकरी ती अजून जास्त करतेच, आणि ती करू नको असे आम्ही म्हणणार नाही. काल कोणी आले नाही. आज सकाळी आम्ही दुरडीतली अर्धी भाकरी मागून घेतली आणि ताकात कुस्करली. ती म्हणाली, ‘‘अहो, ठेवा ती. तुमच्या पोटाला बाधेल.’’

‘‘तुला इतकी वर्षं बाधली नाही का?’’ आम्ही विचारले.

त्यावर ती काही बोलली नाही. मिठाची वाटी तेवढी पुढे सरकवली.