खुळखुळ्याची लाज कशाला?

बारशाला आलेली खोक्यातली खेळणी शोकेसमध्ये जातात आणि आजीने जुन्या साडीच्या चिंध्या भरून शिवलेला चेंडू पाहुणे आले की दिवाणाखाली सरकवला जातो. लोक काय म्हणतील, ही धास्ती. बाळाला मात्र किंमत वाचता येत नाही.

पहिले काही आठवडे त्याला वीस-तीस सेंटिमीटरवरचेच जरा नीट दिसते. पाजताना आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. फिकट रंगांपेक्षा काळ्या-पांढऱ्यावर त्याची नजर ठरते. तेव्हा पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळे जाड पट्टे ओढले तरी भागते. पुढे हात चालू लागले की गोधडीत मांजरपाट, खण, मखमल, टॉवेलचा तुकडा शेजारीशेजारी शिवावा. बाळ बसू लागले की स्टीलची वाटी आणि लाकडी चमचा. आपण आपटले म्हणून आवाज झाला, हा केवढा शोध! बॅटरीवरचे खेळणे आपले आपणच गाते. बाळ नुसता प्रेक्षक. मोबाइलबद्दल तर बोलायलाच नको. एक वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन नकोच, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ सालीच सांगितले आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडीचे काम सुरू केले, तेव्हा माँटेसरीची महागडी साधने गावाला परवडणारी नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हाती घेतली आणि त्यांतून शिक्षण उभे केले. त्याला कमीपणा म्हणण्याची कुणाची छाती आहे?

अर्थात ती मुले मोठी होती. तान्ह्याच्या हाती बी किंवा खडा देणे म्हणजे जिवाशी खेळ, कारण हाती आलेले सगळे तोंडात जाते. घरचे म्हणून सगळेच निर्धोक नसते. डाळ भरलेल्या बाटलीचा खुळखुळा केला, तर झाकण पक्के चिकटवलेले हवे, बाटलीला चीर नको, चेंडूवर बटण नको, लांब दोरी तर नकोच. शिवण रोज ओढून पाहावी.

हे ओढून पाहण्याचे काम आईकडेच का? खुळखुळा वाजवायला कुणीतरी समोर बसावे लागते, बाळाच्या हुंकाराला हुंकार द्यावा लागतो. खेळण्याचे पैसे मोजून मोकळे होणाऱ्या बापांनी संध्याकाळी अर्धा तास सतरंजीवर मांडी घालावी. सुई-दोरा त्यांच्याही हातात बसतो.