अग्निशामकाचे धैर्य

अग्निशामकाच्या शौर्याची स्तुती करताना आपल्या दृष्टीसमोर जे चित्र उभे राहते, ते ज्वाळांत शिरणाऱ्या निर्भय पुरुषाचे असते. परंतु ज्या दिनक्रमातून हे निर्भयपण घडते, तो सकाळची हजेरी, कवायत, होजची आणि शिड्यांची तपासणी, पंपाची चाचणी आणि श्वसनयंत्रातील हवेच्या दाबाची नोंद अशा नीरस वाटणाऱ्या कामांनी भरलेला असतो, आणि वर्दी न येता पाळी संपली तरी त्यातले एकही काम वाया गेलेले नसते. ज्या इमारतीत आपण पूर्वी कधी पाऊल ठेवले नाही, तिथे धुरामुळे स्वतःचा हातही दिसत नसताना, उष्णता आणि धूर वर चढतात हे जाणून जमिनीलगत सरपटत जाणे, परतीची वाट म्हणून होज हाती ठेवणे आणि बंद दार उघडण्यापूर्वी आत शिरणाऱ्या हवेने काय भडकेल याचा विचार करणे, हे साहसापेक्षा ज्ञानाचे काम आहे. उपजत धाडस अशा जागी माणसाला फार वेळ साथ देत नाही.

या पेशात प्रवेश करण्याच्या अटीही याच तत्त्वाला धरून आहेत. मुंबईच्या दलात भरती होऊ इच्छिणाऱ्या उमेदवाराची उंची, वजन आणि धाव पाहिली जाते, आणि त्याबरोबर उंचावरून खाली ताणून धरलेल्या चादरीत उडी घेण्याचीही परीक्षा असते. मला ही परीक्षा फार अर्थपूर्ण वाटते. कारण उडी एकट्याची असली तरी चादर धरणारे हात इतरांचे असतात, आणि त्या हातांवर विश्वास ठेवता येणे ही या नोकरीची पहिली पात्रता आहे. अधिकारपदाची आकांक्षा धरणाऱ्यांसाठी 1956 साली स्थापन झालेले आणि पुढील वर्षी नागपुरास आलेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे; तेथे 2002 साली हर्षिनी कान्हेकर यांनी प्रवेश घेईपर्यंत एकही स्त्री विद्यार्थिनी नव्हती, ही गोष्ट आपल्या समाजाला भूषणावह नाही.

मात्र अग्निशामकाने आपले कर्तव्य कितीही निष्ठेने पार पाडले, तरी त्याचे प्राण बहुधा त्याच्या हाती नसतात. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली, तेव्हा कापसाच्या गाठी आणि सुमारे 1,400 टन स्फोटके एकाच जहाजात भरलेली होती. जहाज बुडवावे की समुद्रात ओढून न्यावे याचा निर्णय अधिकाऱ्यांमध्ये रेंगाळत राहिला, आणि तोपर्यंत जवान पाण्याचा मारा करीत आपल्या जागी उभे राहिले. दुपारी चारनंतर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. त्या दिवशी दलाचे 66 जण मृत्युमुखी पडले; त्यांच्या स्मरणार्थ देशभर हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. 2015 च्या मे महिन्यात काळबादेवीच्या एका जुन्या इमारतीची आग विझवताना ती कोसळली आणि प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी दलाने गमावले.

ज्या निष्काळजीपणाची किंमत हे लोक भरतात, तो पुष्कळदा आपलाच असतो: जिन्यात रचलेले सामान, कुलूप घातलेले गच्चीचे दार, बंबाच्या वाटेत उभी केलेली मोटार. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने इमारतीतील आगविरोधी यंत्रणा सुस्थितीत असल्याचा, परवानाधारक संस्थेने दिलेला दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करण्याची जबाबदारी मालकावर आणि रहिवाशांवर टाकली आहे. आपल्या इमारतीचा हा दाखला शेवटचा कधी सादर झाला, हे वाचकाने आपल्या सोसायटीच्या चिटणिसाला आजच विचारावे.