गल्ल्यातील पैसा कोणाचा?



नोकरीची वाट न पाहता स्वतःचा धंदा उभारणारे तरुण आपल्या धर्मग्रामात वाढत आहेत. कोणी केटरिंग करतो, कोणी मंडप-डेकोरेशन, कोणी टेम्पो घेतो. नव्या दुकानाला आशीर्वाद द्यायला आम्हांला बोलावणे येते. आम्ही आनंदाने जातो, पवित्र पाणी शिंपडतो आणि पेढाही खातो. पण त्यांतलेच काहीजण वर्षा-दोन वर्षांनी वेगळ्या कामासाठी आमच्याकडे येतात. डोक्यावर कर्ज झालेले असते. गिऱ्हाईक होते, काम चांगले होते, व्यसनही नव्हते. मग पैसा गेला कुठे?

बहुधा असे घडलेले असते. नाताळानंतरच्या लग्नसराईसाठी पाच-सात ऑर्डरी मिळाल्या, आगाऊ रक्कम हाती आली. गल्ला भरलेला दिसला. घराच्या लाद्या बदलायच्या होत्या, मोटारसायकल घ्यायची होती. ती कामे उरकली. लग्ने सुरू झाली तेव्हा किराणावाल्याला द्यायला पैसे नव्हते आणि वाढप्यांची मजुरी उपवासकाळ लागला तरी थकलेलीच होती. या तरुणाला कोणाला फसवायचे नव्हते. तरीही त्या वाढप्याच्या घरी फसवणूक झाल्यासारखीच चूल थंड राहिली. इथे पाप घडले का, आणि घडले असेल तर ते कोणते?

नीतिसूत्रांच्या ग्रंथात (२५:२८) मनावर ताबा नसलेल्या माणसाला तट ढासळलेल्या नगराची उपमा दिली आहे. ही उपमा वसईकरांना समजावून सांगायला नको. १७३९ साली सुरुंगांनी बुरूज उडाले, तेव्हा किल्ल्याची बाकीची भिंत उभीच होती; ती आजही उभी आहे. पण आम्हांला या उपमेत आणखी एक गोष्ट दिसते. तट पडला की हाल होतात ते आत राहणाऱ्या सगळ्यांचे. मालकाच्या सैल हाताची झळ पहिल्यांदा मालकाला लागत नाही. ती लागते ज्याची मजुरी सगळ्यांत कमी आहे त्याला.

यावर कोणी म्हणेल, मग शिस्त शिकवा, म्हणजे झाले. रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवर अशी पुस्तके ढिगाने मिळतात. काहींत तर मुंगीचा दाखला (नीतिसूत्रे ६:६) भक्तिभावाने दिलेला असतो. पण नुसती शिस्त म्हणजे सद्‌गुण नव्हे. चोरही रात्री जागतो, भूक सोसतो, जिभेवर ताबा ठेवतो. आमोस संदेष्ट्याने (८:५) ज्या व्यापाऱ्यांना धारेवर धरले ते शब्बाथ पाळत होते. दुकान बंद ठेवण्याइतका संयम त्यांच्यापाशी होता. मन मात्र हा दिवस कधी संपतो आणि खोटे माप कधी हाती घेतो, यातच गुंतलेले. ॲरिस्टॉटलने वासनेशी झगडून तिला आवरणारा आणि ज्याची इच्छाच सरळ झाली आहे असा, या दोघांत फरक केला आहे. आमोसचे व्यापारी पहिल्या पायरीवरही नव्हते. त्यांनी हात आवरला होता, हाव तशीच होती.

म्हणून संयम कशासाठी, हे आधी विचारावे लागते. अनुवादाच्या ग्रंथात (२४:१५) मजुराचा रोज सूर्य मावळण्यापूर्वी द्यावा अशी आज्ञा आहे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशात अडकलेला असतो. मालकाचा हेतू चांगला होता की वाईट, हे तिथे विचारलेलेच नाही. सूर्य मावळला की नाही, एवढाच हिशोब. आगाऊ रक्कम ही नफा नव्हे. काम होईपर्यंत ती दुसऱ्याची ठेव आहे, तिच्यात किराणा आहे आणि मजुरीही आहे. ती वेगळ्या खात्यात ठेवणे हा आमच्या मते धर्माचा भाग आहे, निव्वळ जमाखर्चाचा नाही. कॅथलिक बायबलमधला सिराकचा ग्रंथ आपण फारसा उघडत नाही. त्यात तर कर्जाऊ पैशांवर मेजवान्या झोडण्याविरुद्ध स्पष्ट इशारा आहे (१८:३३).

(बुरूज बांधण्याआधी खर्चाचा अंदाज घ्यावा, हे लूकच्या शुभवर्तमानातले येशूचे बोल धर्मग्रामाचा हॉल बांधायला काढणाऱ्या आम्हा धर्मगुरूंनाही लागू आहेत. त्याविषयी अधिक न बोललेले बरे.)

ख्रिस्तसभा धंद्याला कमी लेखत नाही. १९९१ च्या 'चेंतेसिमुस आन्नुस' या परिपत्रकात पोप जॉन पॉल दुसरे यांनी उद्योजकाच्या कष्टाळूपणाचा, विचारपूर्वक जोखीम घेण्याचा आणि विश्वासार्हतेचा सद्‌गुण म्हणून उल्लेख केला आहे. संत पौल स्वतः तंबू बनवून पोट भरत होता.

हाच पौल कैसरियात कैदी असताना फेलिक्स सुभेदारापुढे बोलला, तेव्हा त्याने न्याय, संयम आणि येणारा निवाडा हे तीन विषय एकत्र घेतले (प्रेषितांची कृत्ये २४:२५). संयम बरोबर मध्ये. फेलिक्सला धडकी भरली. सवड झाली की बोलावतो, असे सांगून त्याने पौलाला परत पाठवले. पुढे त्याने खरोखरच वारंवार बोलावले, पण पौलाकडून पैसे मिळतील या आशेने. दोन वर्षांनी त्याच्या जागी दुसरा सुभेदार आला, तेव्हा पौल तुरुंगातच होता.