रेंज आणि अमानत

सहलीची सूचना वर्गात दिली की पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. खर्च किती, जेवण कसले, परत किती वाजता. अलीकडे त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे आणि मुलींच्या बाबतीत तोच आधी विचारला जातो : "टीचर, उधर रेंज आती क्या?"

आठवीच्या मुलींना पवन मावळातल्या तिकोना किल्ल्यावर न्यावे, असा आमचा विचार होता. डोंगराआडच्या वाटेवर फोन लागेलच असे नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगितले. लगेच सूचना आली, मग दुसरी जागा बघा. कार्ल्याची लेणी बघा. तिथे महामार्ग जवळ, रेल्वे जवळ, फोन लागतो. जागा वाईट नव्हती. पण आदल्या वर्षी मुलांची सहल याच तिकोन्यावर गेली होती आणि तेव्हा एकाही बापाने रेंज विचारली नव्हती. मुलाला वाट पुरते आणि मुलीला वाटेबरोबर टॉवरही लागतो, हे कुठून आले?

मी रागाने काही बोलणार होते, पण बोलू शकले नाही. त्याला कारण आहे. बी.एड.ला असताना आम्ही मैत्रिणी पवना धरणाच्या काठी गेलो होतो. अम्मीचे फोन सारखे येत होते. कंटाळून मी फोन बंद केला. घरी पोहोचले तेव्हा इशाची नमाज होऊन गेली होती आणि अम्मी अजून जानमाजवरच बसून होती. मी म्हटले, "रेंज नव्हती." ती "शुक्र है" एवढेच म्हणाली आणि ताट वाढायला उठली. टॉवरवर ढकललेले ते खोटे मला आजही बोचते.

मोबाइलच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की अडतात. मावळासारख्या मुलखात दोन पावलांवर फोन लागतो आणि दोन पावलांवर बंद पडतो. म्हणूनच "रेंज नव्हती" हे इथले सर्वांत सोयीचे खोटे आहे. ते तपासता येत नाही.

पूर्वीचे लोक रेंजशिवायच जात होते, असे आपण सहज म्हणतो. १९९५ पर्यंत मुंबईहून हाजी जहाजाने जात. निघताना घरोघरी जाऊन कहासुना माफ करून घेत आणि घरचे त्यांना अल्लाहच्या हवाली करत. त्या निरोपात मोठा विश्वास होता. पण त्या विश्वासाची किंमत मागे राहिलेले मोजत असत. इब्न बतूता १३२५ साली तांजियरहून निघाला. वडील वारल्याची बातमी त्याला १३४८ साली दमास्कसमध्ये कळली, तोपर्यंत त्यांना जाऊन पंधरा वर्षे झाली होती. तो मायदेशी पोहोचण्याआधीच आईही प्लेगने गेली होती. आपण शाळेत त्याच्या प्रवासाचे कौतुक शिकवतो. त्या आईच्या वाट पाहण्याचा धडा कोणत्याच पुस्तकात नाही.

तेव्हा संपर्काची इच्छा हा दुबळेपणा नव्हे. आपल्याच जिल्ह्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव डोंगराखाली गेले. दीडशेहून अधिक माणसे दगावली. बाहेरच्या जगाला ते कळले एका एस.टी. चालकामुळे, कारण रोजच्या जागी त्याला गावच दिसले नाही. निरोप पोहोचला नाही तर मदतही निघत नाही. उंट आधी बांधावा, मग तवक्कुल करावा, ही शिकवण इथे लागू पडते.

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात हडपसरच्या एका कुटुंबातील एक स्त्री आणि चार मुले वाहून गेली. त्या कुटुंबाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. पाणी किती लवकर चढते हे काठावरच्यांनाही कळत नाही. ती चित्रफीत आपल्यातल्या अनेकांनी पाहिली. चित्रफीत निघाली म्हणजे फोन होते. हवा होता तो दोर, आणि त्याआधी पाण्यात उतरू नका म्हणणारा कोणीतरी. रेंज बातमी नेते, हात नेत नाही. "उधर रेंज आती क्या" विचारणारे पालक "उधर पाणी किती असते" असे विचारत नाहीत, हे मला जास्त काळजीचे वाटते.

मग नीट विचार केला तर रेंज हा मूळ प्रश्नच नाही. प्रवासात तिघे असले तरी एकाला अमीर नेमावे, असे आपल्याकडे सांगितले आहे. याचा अर्थ, कोणीतरी जबाबदारी पत्करावी. पाठवलेले मूल ही अमानत आहे. ती सांभाळणाऱ्याने कुठे जातो, किती वाजता परततो, हे सांगावे आणि ते पाळावे. दर अर्ध्या तासाला फोन करून "कुठे आहेस" विचारणे ही काळजी असेलही, पण त्यात मुलीवर विश्वास नाही आणि शिक्षकावरही नाही. आणि विश्वास नसला की माझ्यासारखी मुलगी फोन बंद करते, मग खोटे बोलते. पहारा आणि खोटे यांची जोडी जुनी आहे.

यंदा आम्ही पालकांना पत्र दिले. दुपारी एक वाजता आणि परतीला निघताना, असे दोनदा शाळेतून निरोप मिळेल. वाटेवर फोन लागला नाही तर एक शिक्षक रेंज असेल तिथवर चालत जाईल. पाण्यात कोणीही उतरणार नाही. हेच पत्र मुलांच्या पालकांनाही दिले, कारण मुलगाही अमानतच आहे. काही मुलींना तरीही परवानगी मिळाली नाही. बाकीच्या तिकोन्यावर आल्या.

निघण्याच्या आदल्या रात्री पवनाकाठची खरी गोष्ट मी अम्मीला सांगितली. तिचा राग मी झेलला. तो झेलल्याशिवाय दुसऱ्यांच्या मुली मागण्याचा मला हक्क नव्हता.